घोंगडी बैठकीला घोंगडी मिळेना

परवा आमच्या गावात घोंगडी बैठक झाली. कुठल्या पक्षाची ते विचारू नका, सध्या सगळ्यांच्याच होतायत. दुपारी चार पोरं दारात आली. "गुरुजी, तुमच्याकडं जुनी घोंगडी हाय म्हणं. दोन तासांसाठी द्या की. साहेबांना बसायला. फोटोत बरं दिसतंय."

पोरं माझीच विद्यार्थी, नाही कसं म्हणणार? पोटमाळ्यावरची ट्रंक काढली. आजोबांची घोंगडी त्यात होती. आई गेली त्या वर्षी, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, मीच ती घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती. चार डांबराच्या गोळ्या टाकल्या, पिशवीला गाठ मारली आणि वर ठेवली. फार जपून ठेवली असंच इतकी वर्षं वाटत होतं.

पिशवी सोडली तर आतून भुकटी सांडली. कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पांढरं, बारीक बारीक पोकळ टरफलं, कुबट वास. घडी उलगडली तर तळहाताएवढी तीन भोकं. घडीच्या रेघेवर तर लोकर नुसती बोटाला लागून येत होती. एक पोरगं म्हणालं, "गुरुजी, हिला तर कसर लागली."

शेवटी बैठक मंडपवाल्याच्या हिरव्या मॅटवर झाली. साहेबांना प्लास्टिकची खुर्ची मिळाली. पोस्टरवर मात्र मोठ्या अक्षरात 'घोंगडी बैठक' असं होतं. आम्ही सगळे हसलो. पण रात्री मला झोप येईना. एकच हिशोब डोक्यात फिरत होता. या घोंगडीनं आजोबांच्या खांद्यावर चाळीसेक पावसाळे काढले. वाड्यावर मेंढरांच्या लेंड्यांत लोळली, खळ्यावर राखणीला झोपली, नदीत धुतली गेली, काट्यात अडकली. तिला काही झालं नाही. आणि माझ्या पोटमाळ्यावर, काही न करता नुसती ठेवल्यावर, ती संपली. असं का?

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. सवयीनं मागं मागं जात राहिलो. जे सापडलं ते आज लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

पहिली गोष्ट, ही घोंगडी आपल्याकडं आली कुठून? सह्याद्रीचा माथा ओलांडून पाऊस पूर्वेला उतरला की त्याचा जीव संपतो. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत हा सगळा त्या उरलेल्या पावसाचा मुलूख. इथं बैलाची शेती बेभरवशाची, पण खुरट्या गवतावर मेंढी जगते. म्हणून इथला माणूस मेंढीमागं चालला. दसरा-दिवाळीनंतर कळप पश्चिमेला, थेट कोकणापर्यंत उतरायचे. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाळ्याच्या तोंडाला पुन्हा माघारी यायचं. आजही आपल्यातले बरेच जण हेच करतात.

दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपास पायी हिंडून या धनगरवाटा बघत होते. १९६२ साली आलेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात त्यांनी या वाटांचा आणि त्यांच्या कडेच्या जुन्या देवस्थानांचा संबंध दाखवला. गुंथर सोन्थायमर नावाच्या जर्मन अभ्यासकानं बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर आयुष्य घातलं, धनगरांच्या ओव्या गोळा केल्या. रा. चिं. ढेऱ्यांनी १९८४ च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधलं. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. तिथं भंडारा आणि खोबऱ्याबरोबर लोकरही उधळतात. देवावर उधळायची म्हणजे तेवढ्या मोलाचीच वस्तू असणार ना? तर लोकर ही आपल्याकडं एवढी मोलाची होती.

आता ही लोकर कशी असते ते बघू. आपली मेंढी दख्खनी. अंगानं बहुतेक काळी. एका मेंढीची वर्षभराची लोकर किलोभरसुद्धा भरत नाही. परदेशातली मेरिनो मेंढी चार-पाच किलो देते. मेरिनोचा तंतू साधारण वीस मायक्रॉनच्या आसपास, आपल्या मेंढीचा त्याच्या दुपटीच्या घरात. तंतू तीस मायक्रॉनच्या वर गेला की कातडीला टोचतो. म्हणून घोंगडी टोचते, त्यात विणणाराचा दोष नाही. पण हाच जाड, राठ तंतू घासला तरी तुटत नाही, काट्याला अडकला तरी फाटत नाही. स्वेटरला तो नालायक. रानात राहणाऱ्या माणसाला मात्र त्याहून चांगला दुसरा नाही.

लोकर मेंढपाळाची, पण घोंगडी विणायची ती सणगरांनी आणि धनगरांतल्याच विणकर घरांनी. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरसारख्या इंग्रजी अमदानीतल्या नोंदींत या धंद्याची माहिती आहे. लोकर कातरायची, धनुकलीनं पिंजायची, घरातल्या बायकांनी चरख्यावर सूत काढायचं. मग उभा ताणा रस्त्याच्या कडेला किंवा मोकळ्या जागेत लांब पसरायचा आणि त्याला चिंचोक्याची खळ कुंच्यानं चोपडायची. खळीनं राठ सुताचे केस खाली बसतात, धागा कडक होतो, मागावर तुटत नाही. मग खड्ड्यातल्या मागावर विणायचं. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. ती मऊ. जावळाची घोंगडी म्हणजे घरात मिरवायची वस्तू.

बैठकीनंतर दोन दिवसांनी मी आमच्या शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या सणगर आबांकडं ती घोंगडी घेऊन गेलो. त्यांचा माग बंद होऊन दहा वर्षं झाली. खड्डा बुजवून वर फरशी घातलीय आणि त्यावर नातवाची मोटरसायकल उभी असते. आबांनी घोंगडी मांडीवर घेतली, डोळ्याला कमी दिसतं म्हणून काठावरनं बोटं फिरवली आणि म्हणाले, "गुरुजी, ही कुणी वापरत नव्हतं व्हय?"

मी म्हणालो, "जपून ठेवली होती, आबा."

"तिथंच चुकलं. वापरली असती तर टिकली असती."

मला आधी हे म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. पण त्यांच्यापाशी तासभर बसलो, मग घरी येऊन थोडं वाचलं, तेव्हा कळलं की ही तंतोतंत खरी गोष्ट आहे.

लोकर म्हणजे केरॅटिन. आपले केस, नखं, जनावरांची शिंगं यांचाच पदार्थ. तो फारशा प्राण्यांना पचत नाही. कसर त्याला अपवाद. आपण ज्याला कसर म्हणतो ते एका बारीक पतंगाचं किंवा तसल्याच एका भुंगेऱ्याचं पिल्लू, म्हणजे अळी. उडणारा पतंग कपडा खात नाही, तो फक्त अंडी घालतो. खाते ती अळी. तिला तीन गोष्टी लागतात: अंधार, शांतता आणि मळ. नुसत्या धुतलेल्या लोकरीपेक्षा घामाचे, तेलाचे, दुधाचे डाग पडलेली लोकर तिला जास्त मानवते. आणि ऊन, वारा, हालचाल तिला अजिबात चालत नाही.

आता आजोबांच्या घोंगडीचं वर्ष बघा. पावसाळ्यात तिची खोळ करून डोक्यावर. लोकरीतला तेलकटपणा आणि घट्ट झालेली वीण यामुळं पाणी वरच्यावर निथळायचं. हिवाळ्यात पांघरूण. उन्हाळ्यात अंगणात अंथरूण. पाहुणा आला की बैठक. सुगीत खळ्यावर. म्हणजे वर्षातला एकही महिना ती अंधारात, घडीत, न हलता पडून नव्हती. रात्री पांघरली की सकाळी झटकली जायची. झटकली की अंडी खाली. दिवसभर वलणीवर किंवा मेंढराच्या वाड्यात कुंपणावर. घरात चूल, चुलीचा धूर. वैशाखात एकदा आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात एकदा आजी ती अंगणात पसरायची, काठीनं बडवायची, दुपारी उलटी करायची. याला ती 'ऊन दाखवणं' म्हणायची. आम्हाला वाटायचं धूळ काढतेय. ती खरं तर कसर काढत होती. आजीला केरॅटिन माहीत नव्हतं, पण अळीची खोड माहीत होती.

धुणं वर्षातून एकदाच, क्वचित दोनदा. ओढ्याला किंवा नदीला. साबण नाही, सोडा तर मुळीच नाही. रिठे रात्री भिजत घालून त्याचा फेस काढायचा. याचंही कारण आहे. खाराचं पाणी लोकरीला सोसत नाही, तंतू ठिसूळ होतो. रिठ्याचा फेस सौम्य असतो. गरम पाणी घालून घासाघीस केली तर लोकर आटते, कारण तिच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि घासणं हे तिन्ही एकत्र आलं की ते खवले एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. पट्टणकोडोलीकडं याच गुणाचा मुद्दाम उपयोग करून न विणता, लोकर दाबून जाड 'जेन' करतात. जेनचं जे बळ, तेच तुमच्या स्वेटरचं मरण. वॉशिंग मशीनमधून काढलेला स्वेटर नातवाच्या मापाचा होऊन येतो तो यामुळं.

आणि पिळायचं नाही. ओली लोकर कमजोर असते आणि घोंगडी भिजली की तिचं वजन एका माणसाला उचलवत नाही. दोरीवर टांगली तर स्वतःच्या वजनानं लांबते. म्हणून ती खडकावर किंवा वाळूत आडवी पसरायची आणि दोन-तीन दिवस वाट बघायची. आपण पेपरात रोज वाचतो, अमुक योजनेचं भिजत घोंगडं, तमुक रस्त्याचं भिजत घोंगडं. हा शब्दप्रयोग ज्यानं पहिल्यांदा केला त्यानं स्वतःच्या हातानं घोंगडी धुतलेली असणार. उचलता येत नाही, पिळता येत नाही, वाळता वाळत नाही. आज तो शब्द वापरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी भिजलेली घोंगडी उचलून बघितलीय?

म्हणजे आबांचं म्हणणं खरं. घोंगडी 'ठेवायची' वस्तूच नव्हती. ती कशी ठेवायची हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. तो मला पडला, कारण मी ती वापरणं बंद केलं. आणि मी तीन चुका केल्या. न धुता, घामाच्या डागांसकट घडी घातली. प्लास्टिकमध्ये कोंडली, त्यामुळं पावसाळ्याची दमट हवा आत अडकली आणि चिंचोक्याच्या खळीला बुरशी धरली. आणि डांबराच्या गोळ्यांवर विसंबलो. गोळी म्हणजे नॅप्थलीन, ती हवेत उडून जाते. सैल गाठीच्या पिशवीत चार गोळ्या किती दिवस पुरणार? त्या संपल्यावर पंधरा वर्षं मी झाकणसुद्धा उघडलं नाही.

पण मी एकट्यानंच वापरणं बंद केलं नाही. सगळ्या मुलखानं केलं. ते कसं झालं, हा इतिहास तेवढाच महत्त्वाचा.

१८७६ साली कानपूरला लोकरीची गिरणी निघाली, तीच पुढं 'लाल इमली' नावानं देशभर माहीत झाली. पंजाबात धारीवालला गिरणी आली. लष्कराला गणवेश आणि कांबळी लागत होती, दोन्ही महायुद्धांत ही मागणी फुगली. आपल्याकडं १९२५ साली ठाण्यात गिरणी सुरू झाली, तीच पुढं रेमंड. सुरुवातीला तिथंही मुख्य माल म्हणजे जाडीभरडी ब्लँकेटंच. पण गिरणीचा धर्म वेगळा असतो. तिला एकसारखा, बारीक, पांढरा धागा लागतो. पांढऱ्याला हवा तो रंग चढतो. आपल्या काळ्या लोकरीवर रंग चढत नाही, तंतू जाड-बारीक, मध्ये केस. सणगराला यातलं काहीच अडचणीचं नव्हतं. उलट काळ्या लोकरीला रंगवण्याचा खर्च नाही हे त्याचं भांडवल. गिरणीला मात्र हाच माल नको होता. देशातल्या उंची लोकरी कापडाची भिस्त पुढं ऑस्ट्रेलियाच्या बारीक लोकरीवर राहिली. स्वातंत्र्यानंतर मेरिनो, रॅम्बुले अशा परदेशी नरांशी देशी मेंढीचा संकर करायचे प्रयोग देशभर झाले. आपल्या मैलोनमैल चालणाऱ्या, उन्हात तापणाऱ्या कळपांत ते रुजले नाहीत.

मग पानिपतची स्वस्त ब्लँकेटं आली. जगभरातले टाकलेले लोकरी कपडे तिथं येतात, फाडून पुन्हा त्यांचा धागा काढतात आणि ब्लँकेटं करतात. पूर आला, भूकंप झाला की वाटतात ती बहुतेक हीच. त्यामागून पॉलिएस्टरची मिंक ब्लँकेटं आली, मऊ, रंगीत, गुलाबाच्या फुलांची. टोचत नाहीत, मशीनमध्ये धुता येतात, कसर त्यांना तोंड लावत नाही. घराघरातनं चूल गेली, गॅस आला. अंगण गेलं, वलणी गेली. पावसाला रेनकोट आला. घोंगडीचं एकेक काम एकेका वस्तूनं घेतलं आणि ती ट्रंकेत गेली.

त्याच वेळी मेंढीचा भाव मटणावर ठरायला लागला. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी बघा. उंच, अंगानं भरते, बाजारात मोठी किंमत. तिच्या अंगावर लोकर नसल्यातच जमा. मेंढपाळाला दोष देता येणार नाही. लोकर विकून जे मिळत नाही ते एका नरात मिळतं. पण दख्खनी मेंढीला तर कातरावंच लागतं, नाहीतर उन्हानं, गोचिडीनं जनावर बेजार होतं. कातरणाऱ्याला मजुरी द्यायची आणि लोकर बांधावर टाकून द्यायची, नाहीतर जाळायची, ही आजची गत आहे. मागच्या वर्षी आमच्या माळावर मी स्वतः ढीग बघितलाय. पाऊस पडला, ढीग भिजला, कुजला. देवावर उधळायची वस्तू उकिरड्यावर.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावानं मेंढी व शेळी विकास महामंडळ आहे, आपल्या दहिवडीला आणि तिकडं महूदला, रांजणीला त्याची प्रक्षेत्रं आहेत. महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा गट मिळतो. पण योजनेनं मेंढी दारात आली तरी तिची लोकर न्यायला दारात कोण येतं, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचं उत्तर एकट्या सरकारकडं नाही, ते आपल्या कपाटातही आहे.

कसं ते सांगतो. आपल्या पंचक्रोशीत वर्षाला किती सत्कार होतात? निवड झाली, वाढदिवस झाला, सेवानिवृत्ती झाली, दहावीत पोरगं पहिलं आलं, की शाल-श्रीफळ. ती शाल नावालाच शाल, असते ॲक्रिलिकची. माझ्या निवृत्तीला मला एकवीस मिळाल्या. एकही थंडीत उपयोगी पडली नाही, पुढच्या सत्काराला पुढं सरकवली एवढंच. नेत्यांच्या घरी तर अशा शालींचे ढीग असतील. निवडणुकीच्या काळात मात्र मंचावर खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्याला पिवळा फेटा. फोटो निघाला की घोंगडी गाडीच्या डिकीत. ती पुन्हा कधी कुणी पांघरत असेल का?

ग्रामपंचायत, सोसायटी, शाळा, तरुण मंडळं यांनी ठरवलं की दहा ॲक्रिलिक शालींऐवजी एकच खरी घोंगडी द्यायची, आणि ती ज्याच्या घरात पांघरली जाईल त्यालाच द्यायची, तर एका तालुक्यात दोन-चार माग सुरू राहू शकतात. पट्टणकोडोलीत, माणदेशात, सोलापूरकडं अजून हात चालणारे विणकर आहेत. उद्या ते हात राहिले नाहीत तर खळ किती घट्ट करायची, ताणा किती ताणायचा, हे पुस्तकात वाचून येणार नाही. आबांच्या नातवाला ते येत नाही. आबांना त्याचं वाईट वाटतं असं दिसलं नाही. ते एवढंच म्हणाले, "पोटाला मिळालं असतं तर शिकिवलं असतं."

आता कामाचं. तुमच्या घरात घोंगडी, लोकरी शाल, आईनं विणलेला स्वेटर, काश्मीरहून आणलेली शाल, जे काही असेल त्यासाठी आबांचं आणि आजीचं शहाणपण आणि मी वाचलेलं, असं एकत्र सांगतो.

ठेवण्याआधी धुवा. हाच सगळ्यात मोठा उपाय. गार पाणी, रिठा किंवा लोकरीसाठीचा सौम्य साबण, भिजवून हलक्या हातानं दाबायचं, घासायचं नाही. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरून वाळवायचं. नवी शाल रिठ्यानं धुतली तरी रंग जातो का ते आधी कोपऱ्यावर बघा.

पूर्ण वाळल्याशिवाय घडी नको. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. म्हणून वाळली असं वाटलं तरी अजून एक दिवस ठेवा.

प्लास्टिकच्या पिशवीऐवजी जुन्या सुती साडीत किंवा धोतरात गुंडाळा. आत वेखंडाचे तुकडे किंवा सुकवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवा. एक लक्षात ठेवा, वेखंड आणि लिंब कसरीला दूर ठेवतात, आत शिरलेल्या अळीला मारत नाहीत. म्हणून आधी धुणं आणि झटकणं, मग वेखंड.

डांबराच्या गोळ्या वापरायच्याच असतील तर जपून. बाळाचे लोकरी कपडे, टोपरं, दुपटं यांत त्या कधीही घालू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक विकर कमी असतं, त्यांना या वासानंसुद्धा रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. गोळी लहान पोरांच्या हाती लागू देऊ नका.

स्वेटर किंवा शालीला कसर लागल्याची शंका आली तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, अळ्या-अंडी मरतात. घोंगडी फ्रीजमध्ये मावणार नाही. तिला झटका, बडवा आणि कडक ऊन दाखवा.

आणि वर्षातून दोनदा सगळं बाहेर काढा. वैशाखात एकदा, दिवाळीच्या आधी एकदा. घडी मोडा, नवी घडी वेगळ्या रेघेवर घाला. सणाची झाडलोट करताना हे होऊन जातं. त्यापेक्षा चांगलं म्हणजे वापरा.

आजोबांची घोंगडी मी टाकून दिली नाही. आबांनी त्यांच्याकडची थोडी काळी लोकर दिली आणि सूनबाईंनी बसून भोकं रफू केली. टाके दिसतात, नवी लोकर जरा जास्त काळी आहे. पाच दिवस अंगणात उलटसुलट वाळवली. आता ती ट्रंकेत गेलेली नाही, माझ्या बाजेवर असते. पहिल्या रात्री टोचली. नातू म्हणाला, "आजोबा, कुबट वास येतोय." म्हटलं, येऊ दे, जाईल दोन दिवसांत उन्हानं.

पुढच्या घोंगडी बैठकीला पोरं आली तर देईन. अट एकच, साहेबांनी खुर्ची सोडून तिच्यावर बसायचं, आणि उठल्यावर स्वतःच्या हातानं झटकून घडी घालून परत करायची.

तुमच्या घरात जुनी घोंगडी असेल तर आजच पोटमाळ्यावरनं खाली काढा. काय अवस्थेत निघाली ते कळवा. आणि तुमच्या गावात कुणाचा माग अजून चालू असेल तर तेही नक्की सांगा, जाऊन भेटायचं आहे.